ज्या शहरात राहिलो, तिथेच कामासाठी परत जाताना

बारा वर्षांनी मी त्या शहरात ऑफिसच्या कामासाठी गेले, तेव्हा स्टेशनाबाहेर कॅबमध्ये बसल्या बसल्या ड्रायव्हरना सांगितलं, "पुलाखालून घ्या, लवकर पोचू." त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, पुलाखालचा रस्ता बंद होऊन आठ वर्षं झाली." मीटिंगला दीड तास होता, म्हणून काही बिघडलं नाही. पण तो पूर्ण प्रवास मी गप्प बसून होते. ज्या शहरात डोळे मिटून फिरायचे, तिथे मला आता रस्ता विचारावा लागणार होता.

अनोळखी गावी कामाला जाणारा माणूस सावध असतो. पत्ता दोनदा तपासतो, अर्धा तास आधी निघतो, लोकांना विचारतो. ओळखीच्या शहरात आपण हे काहीच करत नाही. शिवाय मन सारखं दुसरीकडे ओढ घेत असतं: तो कोपरा, ती खिडकी, ते मित्र. मग एक तर कामात चूक होते, नाही तर काम नीट होतं आणि शहर न भेटताच परत यावं लागतं. दोन्ही मी भोगलं आहे, आणि दुसरं जास्त काळ सलतं.

त्यानंतरच्या फेऱ्यांमधून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. त्याचा गाभा एवढाच: कामापुरतं स्वतःला नवखं समजा, आणि जुन्या शहरासाठी वेगळा, ठरवलेला वेळ काढा. दोन्ही एकाच तासात कोंबू नका.

निघण्याआधी: आठवणीतला नकाशा काढा

दौरा ठरला की दोन-तीन आठवडे आधी एक कोरा कागद घ्या आणि फोन न बघता शहराचा नकाशा काढा. घर, ऑफिस किंवा कॉलेज, स्टेशन, रोजची वाट, जवळचे रस्ते, कुठून कुठे जायला किती मिनिटं लागायची, सगळं. प्रमाणात नसला तरी चालेल. पंधरा मिनिटं पुरतात.

मग मोबाईलवर आजचा नकाशा उघडा आणि लाल पेनाने दुरुस्त्या करा. बंद झालेला रस्ता, एकेरी झालेला रस्ता, नवा उड्डाणपूल, मेट्रोची मार्गिका, दुसरीकडे हललेलं ऑफिस. गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये बऱ्याच शहरांत त्याच जागेची जुन्या वर्षांतली छायाचित्रंही दिसतात. ही सोय 2014 साली आली. आपला रस्ता वर्षावर्षाने कसा बदलत गेला ते घरी बसून बघून घ्या. बघताना घशात आवंढा आला तर येऊ द्या. तो घरी आलेला बरा, क्लायंटच्या दारात नको.

डोक्यातला नकाशा ही नुसती बोलायची गोष्ट नाही. मेंदूचे अभ्यासक जॉन ओकीफ यांना 1971 साली उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर ठरावीक जागी आल्यावरच जाग्या होतात. पुढे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी अंतर आणि दिशेचा हिशेब ठेवणाऱ्या पेशी शोधल्या, आणि 2014 चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं. आपण वर्षानुवर्षं चालून-फिरून तो नकाशा पक्का केलेला असतो. शहर सोडल्यावर त्यात कुणी दुरुस्ती करत नाही. म्हणून "मला माहीत आहे" असं जिथे जिथे वाटेल, तिथेच थांबून तपासायचं.

वेळेचा अंदाज तर अजिबात आठवणीवर सोडू नका. मीटिंग मंगळवारी दहाला असेल, तर आधीच्या मंगळवारी नऊ वाजता मॅपवर हॉटेल ते ऑफिस हा रस्ता टाकून बघा. गर्दीसकट खरा वेळ कळतो. त्यात वीस मिनिटं घाला.

दिवस कसे लावायचे

बहुतेक जण सांगतात, आधी काम उरका, मग फिरा. मला हे अर्धंच पटतं. जुनं शहर पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतं, तेव्हा माणूस हलतो. किती हलेल ते आधी सांगता येत नाही. तो क्षण मीटिंगच्या वाटेवर येऊ देऊ नये. म्हणून शक्य असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा आणि संध्याकाळी तासाभराचा एकच फेरफटका मारा. एकट्याने. कुणाला भेटायचं नाही, घरापाशीही जायचं नाही. एखादा ओळखीचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा आणि हॉटेलवर परतायचं. रात्री उद्याची कागदपत्रं चाळून झोपायचं.

मधले दिवस पूर्ण कामाचे. काम संपल्यावर निदान अर्धा दिवस, जमलं तर एक अख्खा दिवस जुन्या शहराचा. हा दिवस "वेळ उरला तर" असा ठेवलात तर तो उरत नाही. तारीख घालून कॅलेंडरवर टाका.

या वाढीव दिवसाबद्दल ऑफिसला आधीच सांगा आणि मेलवर होकार घ्या. त्या रात्रीचं हॉटेल, त्या दिवसाच्या कॅब, तिकीट बदलल्यामुळे पडलेला फरक हे सगळं स्वतःच्या खिशातून, आणि बिलं पहिल्यापासून वेगळ्या पाकिटात. ऑफिसचा प्रवास विमा फक्त कामाच्या दिवसांपुरता असू शकतो, तेही विचारून ठेवा. रजेचा अर्ज साधाच असतो, पण न सांगता राहिलं आणि नेमकं त्याच दिवशी काही झालं, तर खुलासे देताना नाकी नऊ येतात.

शहर परदेशात असेल तर आणखी एक गोष्ट. पूर्वी तिथे राहण्याचा किंवा काम करण्याचा परवाना होता म्हणून आजही चालेल असं धरू नका. व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर काय करता येतं आणि काय नाही, ते नव्याने वाचा. मीटिंगला बसणं आणि तिथे प्रत्यक्ष काम करणं यात बहुतेक देश फरक करतात. फेऱ्या वारंवार होणार असतील तर आल्या-गेल्याच्या तारखा लिहून ठेवा. अनेक देशांत कराच्या दृष्टीने रहिवासी कोण, हे ठरवताना 183 दिवसांचा निकष लावतात.

उतरायचं कुठे

कामाच्या जागेजवळ. जुन्या वस्तीत नाही. मलाही पहिल्यांदा तिथेच राहावंसं वाटलं होतं, आणि सकाळी सात वाजता खिडकीतून ओळखीची गल्ली दिसल्यावर प्रेझेंटेशनची उजळणी झालीच नाही.

मित्राच्या घरी उतरण्याचा आग्रह होईल, आणि तो मनापासूनचा असेल. कामाच्या दिवसांत प्रेमाने नाही म्हणा, शेवटच्या रात्री जा. रात्री दोन वाजेपर्यंत गप्पा होणारच, आणि त्या व्हायलाच हव्यात. फक्त दुसऱ्या दिवशी मीटिंग नको. शिवाय नव्या जागी पहिल्या रात्री झोप कच्ची लागते. ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांना 2016 साली असं दिसलं होतं, की अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूची एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा कमी गाढ झोपते, जणू पहाऱ्यावर असते. ओळखीच्या शहरातली अनोळखी खोलीसुद्धा अनोळखीच.

राहिलेली कामं

शहर सोडताना काही ना काही मागे राहतं. न वापरलेलं बँक खातं, लॉकर, न मिळालेलं डिपॉझिट, पदवीच्या प्रमाणपत्राची दुसरी प्रत, जुन्या नोकरीतलं अनुभवपत्र, दवाखान्यातले जुने रिपोर्ट. निघण्याआधी यादी करा, आणि प्रत्येक ठिकाणी फोन करून विचारा की प्रत्यक्ष यावं लागतं का, कोणत्या वेळात, आणि काय कागद लागतात. जुन्या पत्त्याचा एखादा पुरावा घरात असेल तर बरोबर घ्या. एका फेरीत अशी दोनच कामं धरा.

सगळ्यात आधी मोबाईल नंबर तपासा. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते. त्या शहरात असतानाचा नंबर अजून एखाद्या खात्याला जोडलेला असेल, तर ओटीपी कुणा परक्याच्या हातात जातो. हे उलटही लागू आहे: तुमच्याकडे असलेला मित्राचा जुना नंबर आज कुणा तिसऱ्याचा असू शकतो. म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये घरगुती काही लिहू नका.

कुणाला कळवायचं आणि कसं

मला विचाराल तर अख्ख्या दौऱ्यातला सगळ्यात नाजूक भाग हाच.

संकोच होतो. इतकी वर्षं फोन केला नाही, आता कुठल्या तोंडाने करायचा? मीही हा विचार करून एकदा कुणालाच न कळवता आले आणि गेले. महिन्याभराने एका मैत्रिणीला ते दुसरीकडून कळलं. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "मी घरीच होते गं त्या दिवशी." ते वाक्य अजून आठवतं.

पेगी लिऊ या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये हेच पुढे आलं: आपण सहज विचारपूस केली तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज आपण सहसा कमीच करतो. आणि ती विचारपूस जितकी अनपेक्षित, तितकं समोरच्याला जास्त बरं वाटतं. कामाच्या अंगानेही जुन्या ओळखी मोलाच्या असतात. डॅनियल लेव्हिन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2011 साली एक अभ्यास मांडला. त्यात नोकरीतल्या अधिकाऱ्यांना बरीच वर्षं संपर्क नसलेल्या जुन्या परिचितांकडून चालू कामाबद्दल सल्ला घ्यायला सांगितलं होतं. तो सल्ला रोजच्या माणसांच्या सल्ल्याच्या तोडीस तोड निघाला, आणि त्यात नवं काही मिळण्याची शक्यता जास्त होती. विश्वास जुनाच होता. माहिती मात्र वेगळ्या जगातली.

तर यादी करा, पण नावं तीन कागदांवर लिहा. भेटायलाच हवं अशी माणसं, दोन किंवा तीन, त्याहून जास्त नकोत. फोनवर निवांत बोलायची माणसं. आणि ज्यांना नुसतं "आले होते, आठवण आली" असं कळवायचं ती. ज्या वयस्कर माणसाला पुढच्या फेरीपर्यंत भेटता येईलच असं नाही, त्याचं नाव पहिल्या कागदावर, बाकी कुणीही नंतर. शेजारच्या आजोबांना मी असंच पुढच्या वेळेवर ढकललं होतं, आणि पुढच्या वेळी दारावर दुसरंच नाव होतं.

मेसेज साधारण दहा-बारा दिवस आधी जावा. त्यापूर्वी एखाद्या जवळच्या मित्राकडून घरोघरची ख्यालीखुशाली घ्या: कोण गेलं, कुणाचं घर मोडलं, कुणाची नोकरी गेली. "वहिनी कशा आहेत?" हा साधा प्रश्न एखाद्याला भोवळ आणू शकतो. मेसेज असा असू द्या:

"नमस्कार, मी अमुक, आपण तमुक ठिकाणी बरोबर होतो. 14 ते 16 तारखेला कामासाठी येते आहे. 16 ला संध्याकाळी सहा ते आठ मोकळी आहे. जमलं तर भेटू या, नाही जमलं तर फोनवर बोलू, अजिबात संकोच नको."

आधी ओळख, मग नेमकी वेळ, आणि शेवटी नकाराला मोकळी वाट. "आले की भेटू" असं मोघम लिहिलं की भेट होत नाही. आणि त्या माणसाकडे कामही असेल तर ते पहिल्याच मेसेजमध्ये स्पष्ट लिहा. तासभर जुन्या आठवणी काढून शेवटी बॅगेतून कोटेशन बाहेर काढलं, तर आधीचा तासही खोटा वाटायला लागतो. मी तरी भेट आणि व्यवहार वेगवेगळ्या दिवशीच ठेवते.

मीटिंगमध्ये

"मी इथे सहा वर्षं राहिले आहे" हे एकदा सांगा, एका वाक्यात. लोक खूश होतात, वातावरण मोकळं होतं. त्यापुढे "आमच्या वेळी इथे" सुरू करू नका. शहर सोडून गेलेल्या माणसाने ते पूर्वी किती छान होतं हे सांगणं, तिथेच राहिलेल्यांना लागतं. रोज त्याच शहरात उठून त्यांनी ते चालवलं आहे. त्यापेक्षा विचारा, "आता इथे कसं चालतं?" बाजार, माणसं, वेळा, सुट्ट्या, सरकारी परवानग्या यांपैकी काहीही आठवणीतून गृहीत धरू नका. जागांची जुनी नावंही सांभाळून वापरा. तरुण सहकाऱ्यांना ती ठाऊक नसतात.

जुन्या कंपनीतलं कुणी समोर येणार असेल, तर नोकरी सोडताना सही केलेला गोपनीयतेचा करार काढून वाचा. नव्या क्लायंटची जुन्या कंपनीशी स्पर्धा असेल, तर आपल्या वरिष्ठांना ते निघण्याआधी सांगा, नंतर नव्हे.

आणि कुणाला काय म्हणून हाक मारायची, हा प्रश्न येतोच. माझ्याकडे शिकाऊ म्हणून आलेला एक मुलगा होता, त्याला मी अरे-तुरे करायचे. परत गेले तेव्हा टेबलापलीकडे खरेदी विभागाचा प्रमुख म्हणून तोच बसला होता, शेजारी त्याची चार-पाच माणसं. "अरे, तू!" अगदी ओठांवर आलं होतं. मी "नमस्कार, बऱ्याच वर्षांनी भेटतोय आपण" म्हटलं आणि पुढचा तासभर "तुम्ही"च म्हणत राहिले. दरावर तो जराही ढळला नाही, आणि त्याचा मला अभिमानच वाटला. निघताना तो लिफ्टपर्यंत सोडायला आला. दार मिटता मिटता हळूच म्हणाला, "ताई, मला तुम्ही म्हणू नका ना." त्याच्या माणसांसमोर त्याला आजच्या पदाने वागवावं. जुनं नातं परत द्यायचं की नाही, हे त्याने ठरवावं.

जुन्या घरापाशी

उजेडात जा, चालत जा, आणि पहिल्यांदा एकटे जा. मुलांना किंवा सहकाऱ्याला बरोबर घेतलं की आपण गाईड होतो, सगळं समजावून सांगत बसतो आणि स्वतः काही बघत नाही.

बाहेरून बघणं सहसा पुरतं. आत आता दुसऱ्या कुणाचा संसार आहे. अचानक बेल वाजवून "मी पूर्वी इथे राहायचे" म्हणणं मला योग्य वाटत नाही. नकार देणं त्यांना अवघड जातं. आत बघायची फारच ओढ असेल तर आधी चिठ्ठी द्या किंवा ओळखीच्या शेजाऱ्यांकरवी विचारा. खिडक्यांचे, गाड्यांचे, खेळणाऱ्या मुलांचे फोटो काढू नका. वॉचमननी हटकलं तर खरं ते सांगा.

मी वॉचमनना विचारून फक्त जिन्यापर्यंत गेले होते. पहिल्या वळणावर लाकडी कठड्याला एक खाच होती, सामान वर चढवताना आमच्या कपाटाचा कोपरा लागून पडलेली. कठड्यावर आता हिरवा रंग होता, दोन-तीन हात चढलेले असावेत. डोळ्यांना खाच दिसत नव्हती. बोट फिरवलं तर लागली. आणि बोट तिथे टेकलं तसा कपाट उचलणाऱ्या दोघांपैकी एकाचा आवाज आठवला, "डावीकडे घ्या, डावीकडे." बारा वर्षांत एकदाही न आठवलेला आवाज.

हे असं होतं, आणि त्याला कारण आहे. गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी 1975 साली पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर्सना पाण्याखाली आणि काठावर शब्दांच्या याद्या पाठ करायला लावल्या. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखालीच जास्त आठवले. जागा आठवणीला धरून असते. म्हणून खिशात छोटी वही ठेवा आणि आठवलं ते तिथेच, उभ्या उभ्या लिहा. हॉटेलवर जाऊन लिहू म्हटलं की निम्मं निसटतं. फोटोंपेक्षा मला या वहीतली पानं जास्त प्रिय आहेत.

वीस मिनिटं पुरे. थांबत राहिलं की मन बघायचं सोडून हिशेब मांडायला लागतं.

ज्या शहरातून दुखावून निघालो

प्रत्येक जण आनंदाने शहर सोडत नाही. आजारपण, मोडलेलं लग्न, गेलेली नोकरी, कुणाचा मृत्यू. असं असेल तर वरचं वेळापत्रक तसंच्या तसं लावू नका. ज्या जागा टाळायच्या त्या नकाशावर आधीच खुणा करून ठेवा आणि कॅबचा रस्ता तसा निवडा. त्या संध्याकाळी फोनवर कोण असेल हे घरच्या एकाशी बोलून ठरवा. ऑफिसमध्ये विश्वासाचं कुणी असेल तर थोडक्यात सांगा, म्हणजे जेवणानंतरच्या फेरफटक्याचा आग्रह कुणी करणार नाही. अगदीच झेपत नसेल तर दुसऱ्या कुणाला पाठवायला सांगणं, हाही पर्याय आहे.

आणि नुसतीच हुरहुर लागली तर तिला घाबरू नका. योहानेस होफर या स्विस वैद्याने 1688 साली घराच्या ओढीला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिलं तेव्हा तो तिला आजार समजत होता. आज मानसशास्त्रज्ञ तसं मानत नाहीत. 2006 पासूनच्या अभ्यासांत दिसतं, की जुन्या दिवसांची आठवण बहुतेकदा एकटेपणात आधार देते, आपण कुणाचे तरी आहोत हे जाणवून देते.

परतल्यावर

दोन दिवसांत चार गोष्टी करा. खर्चाची बिलं द्या, कामाची आणि स्वतःची वेगवेगळी. भेटलेल्या प्रत्येकाला एक ओळ पाठवा, ज्यात त्या भेटीतलं काहीतरी नेमकं असेल. नवे नंबर सेव्ह करा, जुने काढून टाका. आणि जे भेटायचे राहिले त्यांना कळवा की राहिलं, पुढच्या वेळी पहिला फोन तुम्हाला. मग तो खरंच करा.

हाताने काढलेला नकाशा फेकू नका. मी परतीच्या गाडीतच तो काढते, प्रत्यक्ष बघितलेले बदल निळ्या पेनाने भरते आणि कोपऱ्यात तारीख टाकते. आता त्यावर चार तारखा आहेत. पुलाखालचा रस्ता मी खोडलेला नाही. त्यावर बारीक अक्षरात "बंद" एवढंच लिहून ठेवलं आहे.